बेल्ट बदलूनही घरघर तशीच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "ताई, तुमचं वाचून सेकंडहँड स्कूटरचा बेल्ट बदलला. पैसे गेले, चाळीसच्या पुढची घरघर आणि हँडलची थरथर होती तशीच. जुनी गाडी वाजणारच, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात तसे. लोकांना घाबरवू नका, आमच्या गुहागरच्या मेकॅनिकला नुसता आवाज ऐकून कळतं." यातली पहिली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. 'वेगात घरघर आली की बेल्ट गेला समजा' हे मी लिहायला नको होतं. तुमचा खर्च त्या वाक्यामुळे झाला, त्याबद्दल माफी मागते. लेखातलं ते वाक्य आज काढून टाकलं आहे.

आवाजाच्या नावावरून दुखणं ठरवलं, तिथे मी चुकले. तुम्ही ज्याला घरघर म्हणता त्याला दुसरा खरखर म्हणेल, तिसरा घुंई म्हणेल. विचारायला हवं ते एवढंच, की आवाज इंजिनाबरोबर फिरतो की चाकाबरोबर?

गिअरलेस स्कूटरमध्ये हे वेगळं काढता येतं, कारण इंजिन आणि चाक यांच्यामध्ये आपोआप सुटणारा क्लच आहे. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर पुढची पुली, इंजिनाचं बळ मागे नेणारा बेल्ट, मागची पुली आणि क्लचशू (वेग वाढला की बाहेर सरकून क्लचच्या वाटीला धरणारे तुकडे) फिरत असतात. क्लचची वाटी आणि चाक थांबलेलं असतं. उलट, इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली तर चाकं, मागचे गिअर आणि क्लचची वाटी फिरते, बेल्ट मात्र गप्प. म्हणजे बंद इंजिनावरही घरघर राहिली तर नवा बेल्ट घालून काय उपयोग? ही खूण मी मूळ लेखात द्यायला हवी होती, आणि नेमकी तीच राहून गेली.

उतार लहान, सरळ आणि मोकळा निवडा. चावी 'बंद'च्या पुढे अजिबात फिरवू नका, हँडल लॉक होण्याचा धोका असतो. स्कूटरचे ब्रेक इंजिन बंद असतानाही लागतात, तरी घाटात हा प्रयोग नकोच.

आवाज मोजताही येतो. दहा इंची चाकाच्या स्कूटरचं चाक एका फेऱ्यात साधारण १.३५ मीटर जातं. गाडी चालण्याच्या गतीने ढकलली की सेकंदाला एक फेरा होतो. ४० च्या वेगाला तेच सेकंदाला ८ फेरे. ढकलताना सेकंदाला एक 'टक' आलं तर ते चाकाचं, टायरचं किंवा ब्रेकड्रमचं. इंजिन उभ्या जागीही सेकंदाला पंचवीस-तीस फेरे घेतं, त्याचे ठोके कानाला सुटे मोजताच येत नाहीत.

माझ्या स्वतःच्या स्कूटरचंही असंच झालं होतं. एका गॅरेजमध्ये बेल्ट आणि पुढच्या पुलीतले रोलर बदलून घेतले, घरघर जशीच्या तशी. मग रत्नागिरीजवळच्या पावस गावाकडून येताना भाट्याच्या अलीकडे, उतार संपत आलेल्या मोकळ्या तुकड्यावर इंजिन बंद केलं. आवाज होताच. घरी येऊन मेन स्टँडवर लावली, भावाने मागून दाबून पुढचं चाक उचलून धरलं. एक हात फोर्कवर ठेवून दुसऱ्याने चाक हळू फिरवलं, तर जात्यात खडा आल्यासारखी बारीक करकर हाताला लागली. चाकाचं बेअरिंग गंजलं होतं. एवढी सोपी गोष्ट आधी केली असती तर बेल्ट वाचला असता.

आपल्या किनाऱ्यावर हे जास्त होतं. खारी हवा, चार महिने पाऊस, फेरीबोटीवर उडणारं खारं पाणी, आणि ओल्या वाळूत गाडी घालायची हौस. मालक मुंबईला असला तर गणपतीत फिरवलेली स्कूटर शिमग्यापर्यंत पडवीत उभी राहते. टायर एका जागी दबतो, हवा उतरते, ब्रेकड्रमवर गंज धरतो. अशी गाडी पहिल्यांदा काढली की धपधप आणि खरखर दोन्ही येतात. आधी हवा भरा, थोडे ब्रेक वापरा. पुष्कळदा दहा-पंधरा किलोमीटरमध्ये आवाज विरतो. तो विरला नाही तर मात्र चाक उघडायला सांगा.

जागेवरून निघतानाच गाडी थरथरत असेल आणि वेग आला की शांत होत असेल, तर ते प्रकरण निराळं. क्लचशू आणि वाटीमध्ये जांभ्याची लाल धूळ बसते, किंवा शू घासून गुळगुळीत होतात. साफ करून बघायचं, लगेच नवीन घ्यायचं नाही.

गुडघ्यांचा दाखला मात्र मला पटत नाही, दादा. वर्षानुवर्षं एकसारखा राहिलेला आवाज मीही सोडून देते. पण महिन्याभरात नवा आलेला, वाढत चाललेला आवाज वयाचा नसतो. पुढचं बेअरिंग ढिलं पडलं की चाक डुगडुगतं, आणि वळणात समोरून एसटी आली तर ते डुगडुगणं जिवावर बेततं. लोक घाबरले तरी चालेल, पण त्यांनी एकदा चाक हलवून पाहावं.

तुमच्या मेकॅनिकबद्दल मला आदरच आहे. पण आपण त्याला सांगतो काय? "आवाज येतोय." त्याऐवजी, इंजिन बंद केल्यावर आवाज राहतो का, उभ्या गाडीवर रेस दिली की येतो का, वेगाबरोबर वाढतो का, ही तीन उत्तरं घेऊन जा. त्याचा कान आणखी नेमका लागेल.

तुमचं हँडल थरथरतं, म्हणून मी सुरुवात पुढून करेन. टायरची हवा पुढे २२ आणि मागे २९ पीएसआयच्या आसपास आहे का (तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहा), पुढचं चाक आडवं हलतं का, हँडलच्या कोनसेटमध्ये (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्यात) खेळ आहे का, आणि स्पीडोमीटरचा काटा थरथरतो का, कारण कोरडी केबलही गुणगुणते. काय निघालं ते इथेच लिहा. जुना बेल्ट टाकला नसाल तर तो वाकवून आतल्या दातांमध्ये चिरा आहेत का बघा. नसतील, रुंदीही पुस्तिकेतल्या मर्यादेत असेल, तर डिकीत राहू द्या.