आधी वॉरंटी बघा, दात नंतर

रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं आणि डॉक्टर म्हणाले, "आता कॅप बसवून घ्या." सुज्ञ माणूस इथेच थांबतो. जे दुखत नाही त्यावर पैसे कशाला घालायचे? मुलांच्या फिया भरून होऊ द्या, पितृपक्ष उरकू द्या, दिवाळी जाऊ द्या. आतून कोरलेली, वरून सिमेंट भरलेली दाढ तोवर तशीच चालवा. दिवाळीतच एखाद्या कडक चकलीला ती मुळापर्यंत उभी चिरली, तर बहुधा काढावीच लागते आणि कॅप कुठली घ्यायची हा प्रश्नच मिटतो. पुढे इम्प्लांटचा, म्हणजे हाडात रोवलेल्या नव्या दाताचा, आकडा ऐकताना काय दुखेल तो भाग वेगळा.

एवढं सांगूनही कॅपची हौस असेलच, तर निवड डॉक्टरांवर सोडू नका. त्यांनी तुमच्या तोंडात पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती राहत नाही. सोसायटीतल्या काकांना विचारा. काकांनी बसवलेली कॅप वरच्या पुढच्या दातावर आणि तुमची खालची शेवटची दाढ, असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकू नका.

मेटलच्या कॅपचं नाव काढू नका. ती पातळ असते म्हणून बसवण्याआधी दात कमी तासावा लागतो, तिचा टवका उडत नाही आणि वर ती स्वस्त. एवढे दुर्गुण एका वस्तूत! शिवाय चारचौघांत दिसेल ना. तुमची शेवटची दाढ आजवर डेंटिस्टखेरीज कोणी पाहिलेली नाही, पण पुढचं कोणी सांगावं?

आत धातू आणि वर पोर्सेलिन अशी जी असते तिला आपल्याकडे 'सिरॅमिक' म्हणतात. दोन थरांना जागा हवी, म्हणून दात दीड-दोन मिलिमीटर तासतात. काही वर्षांनी हिरडी सरकली की काठाला काळसर रेघ डोकावते. तेव्हा लग्नाच्या फोटोत ओठ मिटून हसायचं, लोक गंभीर स्वभावाचे समजतात.

पण खरी प्रतिष्ठा झिरकोनिया या पांढऱ्या, कणखर पदार्थाची. लॅबमध्ये ठोकळ्यातून मूळ मापापेक्षा साधारण वीस-पंचवीस टक्के मोठी कॅप कोरतात आणि १५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. ती आकसून बरोबर मापाला येते. ताकद १००० मेगापास्कलच्या घरात (मोडायला लागणाऱ्या ताणाचं हे माप). पुढच्या दातासाठी कोणी लिथियम डायसिलिकेट हा काचेच्या जातीचा पदार्थ सुचवला, तर त्याची ताकद ४०० च्या आसपास आहे हे फेकून मारा. त्यातून उजेड खऱ्या दातासारखा आरपार जातो, असली काव्यात्म कारणं ऐकून घेऊ नका. घासाघीस करायची असेल, तर कानातल्या अमेरिकन डायमंडचा खडाही झिर्कोनियम ऑक्साइडचाच असतो हे डॉक्टरांना ऐकवा. भाव उतरत नाही, पण आपला अभ्यास दिसतो. मात्र कॅप बसवताना जिथे खरवडली तिथे पुन्हा पॉलिश केलंत का, हे विचारू नका. खरखरीत राहिलेला झिरकोनिया समोरचा दात झिजवतो, पण डॉक्टरांचं मन मोडण्यापेक्षा दात झिजलेला बरा. तुम्ही झोपेत करकरा दात खाता हेही सांगू नका. घरातल्या गोष्टी घरातच राहाव्यात.

आता मुख्य मुद्दा, वॉरंटी कार्ड. पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. पंधरावालं घ्या. कॅप टिकते ती खाली हिरडीच्या वर किती दात शिल्लक आहे यावर (चहूबाजूंनी दोन मिलिमीटर असला तर उत्तम) आणि काठ किती चपखल बसला यावर. पण हे कार्डावर छापलेलं नसतं, म्हणजे महत्त्वाचं नसणार.

रंग शेवटी निवडा. तास-दीड तास तोंड उघडं ठेवून दात कोरडा पडला की मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो, वर क्लिनिकचा पिवळा दिवा. नेमकी हीच वेळ साधा. सुरुवातीलाच, दात ओला असताना, खिडकीच्या उजेडात रंग जुळवणारे डॉक्टर संशयास्पद समजा. शेड गाईडच्या सोळा पट्ट्यांतून सगळ्यांत पांढरी उचला. शेजारचे दात चहाचे असोत, नवा तरी उजळ निघाला म्हणायचं.

बसवताना निळा कागद देऊन "चावा, घासा" म्हणतील. कॅप जरा उंच वाटली तरी "ओके" म्हणा. खाली रिक्षा थांबलेली असते.

मग काठाशी ब्रश फिरवायचा नाही, फ्लॉस तर परदेशी थेर. आत कीड लागली तरी कळणार नाही, कारण दाताची नस केव्हाच काढलेली. चार-पाच वर्षांनी एके दिवशी पुरणपोळीच्या घासाबरोबर कॅप हातात येईल, आतल्या काळ्या मऊ दातासकट. ती टिश्यूत गुंडाळायची, कार्ड घ्यायचं आणि क्लिनिक गाठायचं. कॅप खळखळून धुतली जाईल, दिव्याखाली उलटसुलट पाहिली जाईल आणि तुम्हाला सांगितलं जाईल, "कॅपला साधा ओरखडा नाही. वॉरंटी अजून चालू आहे."