तुमचं कितीला येतं?

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की सांगलीत कुणी कुणाला "कसं काय?" विचारत नाही. "किती झालं?" असं विचारतात. कशाचं आणि कुठलं, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाशी कृष्णा किती फुटांवर आहे, एवढाच त्या दिवसांतला कुशल समाचार. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. मधल्या ५ फुटांत अख्खं घर आवरून होतं. आम्ही त्या ५ फुटांत छत्री घेऊन पूर बघायला जातो. बरोबर भडंग असतं.

कृष्णेचा पूर तसा सभ्य. कोयनेच्या भूकंपानं ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कुणाला विचारलं नव्हतं. पूर मात्र टप्प्याटप्प्यानं कळवत येतो. आधी कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून २१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, मग धरणाचे सहा वक्र दरवाजे वर, मग कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आणि मग आयर्विन. सगळ्या पातळ्या मोबाईलवर येत असतात. आमची घरं भिजतात ती वेळ कमी पडतो म्हणून नव्हे. वेळ फार मिळतो म्हणून. तासाला इंच-दोन इंच चढणाऱ्या पाण्याकडं बघून घाई कुणाला सुचणार?

शिवाय चर्चा असतेच. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, आणि ११,५७४ क्युसेकनं दिवसभर सोडलं तर २४ तासांत १ टीएमसी जातं, हे गणित गल्लीतल्या नापास पोरालाही तोंडपाठ. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, हे तर पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक. पण स्वतःच्या उंबऱ्याची पातळी विचारा. "२००५ ला इथं आलं नव्हतं," हे उत्तर. २००५ ला जिथं आलं नव्हतं अशा कितीतरी घरांत २०१९ ला कमरेएवढं पाणी होतं, तरी हे वाक्य अजून सेवानिवृत्त झालेलं नाही.

तेव्हा पहिलं काम आकडा काढायचं, म्हणजे आयर्विनला किती फूट झालं की पाणी तुमच्या उंबऱ्याला लागतं ते. २०१९ ला आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. त्या पुराची खूण घराच्या नाहीतर शेजारच्या भिंतीवर सापडते. रंग दिला असेल तर शेजारच्या काकू बोट ठेवून दाखवतात. त्या खुणेपासून उंबऱ्यापर्यंत टेप लावायचा. अंतर ४ फूट भरलं तर साडेसत्तावन्नातून ४ वजा, म्हणजे तुमचा आकडा साडेत्रेपन्न. त्यातूनही १ फूट वजा धरावा, कारण पुलापाशी पाणी असतं तितकंच ते तुमच्या गल्लीत नसतं, आणि खाली हरिपुराजवळ वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी मागं तुंबून तिला फूग चढते. शेरीनाल्याच्या किंवा कुठल्याही ओढ्या-गटारीच्या कडेला घर असेल तर नदीच्या बऱ्याच आधी पाणी मागच्या दारानं येतं, पाव्हण्यासारखं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट या भागांत फार लवकर आवराआवर लागते. उंचावरच्या विश्रामबागेतल्या लोकांना आकडा नसतो; त्यांना पाव्हणे असतात.

आकडा खडूनं दाराच्या मागं लिहायचा. ५ फूट आधी कागद आणि औषधं वर. ३ फूट आधी सामान वर. १ फूट उरला की माणसं बाहेर. एवढं ठरलं की घरातले निम्मे वाद मिटतात. उरलेले निम्मे माळ्यावर असतात.

माळा म्हणजे पुराच्या वेळी सामान ठेवायची जागा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तिथं तांब्याचा बंब, पोरांचा पाळणा, उन्हाळ्यात केलेल्या कुरडयांचे डबे आणि टीव्हीचं रिकामं खोकं असतं. खोकं टाकायचं म्हटलं की, "राहू दे, वॉरंटी आहे." टीव्ही जाऊन सात वर्षं झालेली असतात. म्हणून पुराची तयारी मे महिन्यातच सुरू करावी, माळा रिकामा करण्यापासून. ऑगस्टमधल्या अंधारात शिडीवर उभं राहून पाळणा खाली घ्यावा की फ्रिज वर न्यावा, यावर नवरा-बायकोनं बोलू नये. काही गोष्टी पुढं आयुष्यभर निघतात.

वर म्हणजे किती वर? आपल्या खुणेच्या वर. पलंगावर सामान रचून समाधानानं कुलूप लावणारी माणसं दर पुरात निघतात. लाकडी पलंग पाण्यावर तरंगतो आणि एका बाजूला कलून सगळं सामान स्वतःच पाण्यात ओततो. फ्रिजही तरंगून आडवा होतो. वर नेता येत नसेल तर रिकामा करून, दार उघडं ठेवून दोरीनं बांधावा. लाकडी कपाटाचे खण आधीच काढून घ्यावेत, नंतर ते फुगतात आणि करवतीशिवाय निघत नाहीत. पुस्तकांचंही तेच. गच्च भरलेल्या फळीवरची पुस्तकं भिजली की फळीच फाडतात. कापसाची गादी आधी एक माणूस नेतो, भिजल्यावर चौघांना हलत नाही.

आता वीज. मेन स्विच पाडला की घर गप्प झालं असं सगळ्यांना वाटतं, आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर इमानदारीनं चालूच असतो. महावितरणनं बाहेरून पुरवठा तोडला तरी तो घरातल्या प्लगांत वीज सोडत राहतो. आधी तो बंद, मग बॅटरीची काळी तार, मग तांबडी. मोठी ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढं असते आणि उभीच न्यावी लागते, आडवी झाली की आम्ल सांडतं. गल्लीतला व्यायामशाळेत जाणारा पोरगा नेमका अशा वेळी पुलावर सेल्फी काढत असतो.

गॅस सिलिंडर जड म्हणून कुठं जात नाही, हा दुसरा समज. भरलेल्या घरगुती सिलिंडरचं वजन ३० किलोच्या आसपास, पण तो ३३ लिटरहून जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून भरलेलाही तरंगतो. रेग्युलेटर काढून तोंडाला टोपी लावावी आणि वर न्यावा. नाहीतर खिडकीच्या गजाला साखळीनं बांधावा. जमिनीखालची टाकी उलट भरूनच ठेवायची. रिकामी असेल तर भोवतीचं पाणी तिला वर ढकलतं, फरशी तडकते. झाकण मात्र घट्ट, वर प्लास्टिक आणि दगड. गच्चीवरची टाकीही भरून ठेवावी, कारण वीज गेल्यावर मोटार चालत नाही.

मोरी आणि संडास हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. पाणी दारातून यायच्या आधी तिथून येतं, आणि एकटं येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून तोंड बांधावं, एक पिशवी भांड्यात, एक मोरीच्या जाळीवर, वर वजन. पाणी फार चढलं तर हे टिकत नाही, पण फूट-दीड फूट पाण्यात घराची अब्रू वाचते.

दुचाकी विश्रामबागेला किंवा मिरजेला, पाणी रस्त्यावर यायच्या आधी. इथं आमच्या अण्णांसारखी माणसं आडवी येतात. "अण्णा, गाडी हलवूया का?" "थांब की जरा. पाणी थांबलंय म्हणत्यात." पाणी थांबलेलं नसतं, मोबाईलवरचा मेसेज थांबलेला असतो. बुडालेली गाडी नंतर 'बघूया चालू होतीया का' म्हणून स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात असल्या इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत. बॅटरी सोडवून ओढत गॅरेजला न्यावी.

खाण्यापिण्याची काळजी सांगलीत करावी लागत नाही, उलट आवरावी लागते. माणशी रोज ४ लिटर पिण्या-रांधण्याचं पाणी, चौघांना आठवडाभर ११२ लिटर, म्हणजे २० लिटरचे सहा जार. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्याशिवाय पिऊ नये. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि दुधातल्या दशम्या, यांना गॅस लागत नाही. याउपर आजी जूनमध्ये घातलेल्या लोणच्याची बरणी सोडत नाहीत. बोटीत माणशी एक पिशवी म्हणतात, तेव्हा आजींची पिशवी म्हणजे ती बरणी असते आणि कागदपत्रांची पिशवी घरी राहिलेली असते.

म्हणून कागदांची पिशवी सकाळीच माणसाच्या गळ्यात घालावी: रेशनकार्ड, आधार, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, पासबुकं, विमा, शाळा-कॉलेजचे दाखले, सगळं दोन प्लास्टिक पिशव्यांत. बीपी-शुगरच्या १५ दिवसांच्या गोळ्या चिठ्ठीसकट. सुटे पैसे, कारण वीज आणि रेंज गेली की चहावालाही स्कॅनर उलटा ठेवतो. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी. फोन लागला तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७, नाहीतर ११२. आणि बोटीची वाट बघण्यापेक्षा घोट्याएवढ्या पाण्यातून चालत निघालेलं बरं. बोटीत बसलंच तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि माणसं जास्त झाली तर पुढच्या फेरीला थांबून.

निघताना प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत. परत आल्यावर पंचनामा होईपर्यंत पुन्हा काढावेत, गाळासकट, खुणेसकट. फक्त गाळ पंचनाम्यासाठी राखून ठेवू नये. पाणी ओसरत असतानाच खराट्यानं त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटावा. एकदा वाळला की फावडं लागतं. आत पाऊल टाकण्याआधी काठी आपटावी, बूट झाडून घालावेत, कपाटं काठीनं उघडावीत. आपल्याआधी साप राहायला आलेले असतात आणि त्यांचंही घर पाण्यातच गेलेलं असतं. वायरमननं प्लग आणि बोर्ड तपासल्याशिवाय मेन स्विच चढवायचा नाही. पायाला जखम असेल आणि गाळात वावर झाला असेल तर डॉक्टरांना लेप्टोबद्दल, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाबद्दल, आपणहून विचारावं.

मग येतो गणपती, आणि घरात नवीन वाद. वरचं सामान खाली आणायचं का? आरास मांडायला जागा हवी, पाव्हणे येणार, टीव्ही लागतो. पण ऑगस्टअखेर धरणं काठोकाठ असतात, आणि भरलेल्या धरणावर पडलेला पाऊस थेट नदीत येतो. तेव्हा टीव्ही आणा, गाद्या आणा, फ्रिज आणा. कागदांची पिशवी, इन्व्हर्टरची बॅटरी आणि अण्णांची गाडी सप्टेंबर संपेपर्यंत वरच राहू द्या. अण्णा विचारतील, तर पाणी थांबलंय म्हणून सांगा.