ईयोबाचे मित्रही देवाचीच बाजू घेत होते

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तिच्यात राग आहे, पण तो देवाच्या वचनाविषयीच्या आस्थेतून आलेला आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला बरे वाटले नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे : माणसावर आलेले संकट म्हणजे त्याच्या पापाची शिक्षा असे धरू नका, असे लिहून मी पवित्र शास्त्राची धार बोथट केली. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातले शाप, दाविद राजाच्या पापापायी मेलेले त्याचे बाळ, खोटे बोलल्यावर मरून पडलेले हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे, किडे पडून मेलेला हेरोद राजा, बेथेस्दाच्या तळ्याकाठच्या माणसाला खुद्द येशूने दिलेली ताकीद, हे सगळे मी सोयीस्करपणे वगळले. शिक्षेची भीतीच गेली तर पश्चात्ताप कोण करील, असे तुम्ही विचारता. शेवटी तुम्ही लिहिता की तुमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका कुटुंबावर लागोपाठ संकटे आली, तुम्ही काही जणांनी त्यांना ‘आपले जीवन तपासा’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी माझा लेख पुढे केला.

देव पापाची शिक्षा करतो हे मी नाकारलेले नाही. नाकारीन तर मला शास्त्राची निम्मी पाने फाडावी लागतील. माझे म्हणणे एवढेच आहे की पापाला शिक्षा असते हे खरे असले, तरी कुणाचे संकट बघून त्याचे पाप ओळखण्याची मुभा शास्त्राने आपल्याला दिलेली नाही. ज्यांनी ज्यांनी ती घेतली, त्यांची शास्त्राने कानउघाडणीच केली आहे.

ईयोबाचे मित्र घ्या. ईयोब म्हणजे शास्त्रातल्या त्याच नावाच्या पुस्तकातला, मुले, संपत्ती आणि आरोग्य एकाएकी गमावलेला माणूस. आपण त्यांना दुष्ट समजतो, पण ते तसे नव्हते. अलीफज, बिल्दद आणि सोफर दुरून आले, मित्राची दशा बघून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोलला नाही. मग ते बोलू लागले, आणि बोलले ते देवाच्या न्यायाचे समर्थन करायला. निरपराधी माणूस कधी नाश पावला आहे का, असे अलीफज विचारतो. बिल्दद त्याच्याही पुढे जातो. ज्या बापाची दहा मुले नुकतीच दगावली आहेत त्याच्यासमोर तो म्हणतो, तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिले. हे वाक्य त्याने द्वेषाने उच्चारलेले नाही. त्याच्या सिद्धान्तात दुसरे वाक्य बसतच नव्हते.

या पुस्तकातला मला सर्वांत भयंकर वाटणारा अध्याय २२वा आहे. तोपर्यंत ईयोबाने वारंवार सांगितले आहे की इतक्या मोठ्या शिक्षेला शोभेल असे काही मी केलेले नाही. तेव्हा अलीफज त्याच्यासाठी पापे तयार करतो : तू गरिबांचे कपडे गहाण ठेवून घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाती घालवलेस. यातले एकही त्याने पाहिलेले नव्हते. संकट आहे म्हणजे पाप असलेच पाहिजे, आणि सापडत नसेल तर ते कल्पनेने भरून काढायचे! वाचकाला मात्र पहिल्याच ओळीपासून ठाऊक असते की ईयोब सात्त्विक आणि सरळ होता. शेवटी देव अलीफजाला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर भडकला आहे, कारण ईयोब माझ्याविषयी जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची वकिली करणाऱ्यांना देवानेच दोषी ठरवले, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कुणी करायची, तर ईयोबाने. या सगळ्यात ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण मात्र अखेरपर्यंत सांगितले जात नाही.

आता तुमची उदाहरणे. दाविदाकडे नाथान संदेष्टा आला तो बाळ आजारी पडण्याच्या आधी, आणि तो देवाचे वचन घेऊन आला. बाळ आजारी आहे हे पाहून कुणी अंदाज बांधला असे तिथे घडलेले नाही. बापाच्या पापापायी मूल जावे, हा उतारा मला आजही जड जातो आणि तो सोपा करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. पण त्या एका घटनेवरून कुठल्याही आईबापाच्या मांडीवरच्या आजारी मुलाविषयी नियम काढता येत नाही. हनन्या आणि सप्पीरा यांचा अपराध पेत्राने प्रेरित, म्हणजे येशूने पाठवलेला शिष्य, म्हणून उघड केला आणि हेरोदाच्या मरणाचे कारण शास्त्रानेच दिले. अनुवादातले शाप एका राष्ट्राला, कराराच्या वेळी, आगाऊ ऐकवलेले आहेत. त्याच राष्ट्राचे लोक पुढे बाबेलच्या बंदिवासात ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ असे म्हणू लागले, तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाने ती म्हण बंद करायला लावली. मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट मला इथे आणावीशी वाटते. सारफथची विधवा. एलीया संदेष्टा तिच्या घरी राहत असताना तिचा मुलगा मरतो, आणि ती त्याला म्हणते, माझ्या पापाची आठवण करून द्यायला आणि माझ्या मुलाला मारायलाच का तू माझ्याकडे आलास? बाईने कबुलीच दिली होती. संदेष्ट्याला फक्त ‘होय’ म्हणायचे होते. एलीया त्यावर अवाक्षर बोलत नाही. ‘तुझा मुलगा माझ्याकडे दे,’ म्हणतो, त्याला माडीवर नेतो आणि देवाशी भांडल्यासारखा आक्रोश करतो : या विधवेवरही तू हे अरिष्ट आणलेस काय? मुलगा जिवंत होतो. तिच्या पापाचा विषय पुन्हा निघत नाही.

भीती गेली तर पश्चात्ताप कोण करील, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशूला रोमी सुभेदार पिलाताने यज्ञाच्या वेळी मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले होते, त्याचा उल्लेख तो स्वतःहून करतो. हे इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हाला वाटते काय? मुळीच नाही, असे तो सांगतो. पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. पश्चात्तापाची हाक इथे आहेच, आणि ती कडक आहे. फक्त ती मेलेल्यांच्या चारित्र्याकडे वळवलेली नाही, ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या जीवनाकडे वळवलेली आहे. दुसऱ्यावर पडलेला बुरूज बघून मी माझ्या मनात डोकवावे. आणि लागलीच येशू अंजिराच्या झाडाचा दाखला देतो : तीन वर्षे फळ नाही, तोडून टाका, असे मालक म्हणतो, आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालतो म्हणतो. पश्चात्तापाला भाग पाडणारी जशी भीती असते, तसा देवाचा हा धीरही असतो.

योहानाच्या शुभवर्तमानातला बेथेस्दाचा माणूस ३८ वर्षे आजारी होता. ‘आता पाप करू नकोस, नाहीतर याहून काही वाईट होईल,’ हे येशूचे शब्द मी विसरलेलो नाही. त्याच्या आजाराचा पापाशी संबंध असूही शकेल. पण येशूने आधी त्याला बरे केले, कसलीही अट न घालता. ताकीद नंतर, मंदिरात, त्या एकट्याला दिली. शिवाय माणसाच्या अंतर्यामी काय आहे हे येशूला कळत होते, तुम्हाआम्हाला नाही. त्याच शुभवर्तमानात चार अध्याय पुढे शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, कुणाच्या पापामुळे हा आंधळा जन्मला, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत असे म्हणतो, आणि लगेच खाली वाकून चिखल कालवतो. नंतर परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, त्या माणसाला ‘तू पापातच जन्मलास’ म्हणत बाहेर घालवतात. शिष्यांनी अजाणता विचारलेला प्रश्न शेवटी परूशांच्या तोंडी निकाल म्हणून येतो.

ख्रिस्ती इतिहासात हा निकाल फार वेळा दिला गेला आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, सकाळच्या उपासनेसाठी चर्च भरलेली होती, आणि हजारो लोक मेले. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने पुढच्या वर्षी पुस्तिका लिहून ठासून सांगितले की हा शहराच्या पापांवर आलेला कोप आहे. इतर देशांतल्या काही प्रोटेस्टंट उपदेशकांनीही कोपच म्हटले, पण त्यांच्या मते तो कॅथलिकांच्या धर्मन्यायालयावरचा होता. भूकंप एकच, आणि ज्याला त्याला त्यात दुसऱ्याचे पाप दिसले. उपासनेला आलेल्या माणसांवर छत कोसळले याचे उत्तर यांपैकी कुणाकडेच नव्हते.

आणि वधस्तंभाचे काय? ‘हा देवावर भरवसा ठेवतो, देवाने आता याला सोडवावे,’ असे मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन येशूच्या वधस्तंभाखाली उभे राहून म्हणत होते. टांगलेला माणूस देवाचा शापित, हे मोशेच्या नियमशास्त्रातच होते. त्यांचे गणित बिनचूक होते आणि निष्कर्ष पूर्ण चुकीचा. देवाने याला ताडन केले असे आम्ही समजलो, पण तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, हे यशया संदेष्ट्याचे शब्द आपण दर उत्तम शुक्रवारी वाचतो. ती शिक्षा त्याने सोसली असे आपण मानत असू, तर कर्करोगाच्या रूपाने ती विश्वासणाऱ्याकडून पुन्हा वसूल होते असे कसे म्हणायचे? जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, असे पौल रोमकरांस लिहितो. इब्री लोकांस पत्रातली बापाने मुलाला लावलेली शिस्त तुम्ही पुढे कराल. जरूर करा. पण ते पत्र विश्वासापायी ज्यांची मालमत्ता लुटली गेली अशांना लिहिलेले आहे. त्यांचे हाल पापामुळे झालेले नव्हते.

‘आपले जीवन तपासा’ हा सल्ला तुम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायावरून दिला असावा. तिथे पौल खरोखरच मंडळीतल्या आजारांचा आणि मरणांचा संबंध पापाशी जोडतो. पण पाप कोणते? प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळीने एकत्र घ्यायच्या भोजनाला, काहींनी पोटभर खावे आणि गरिबांनी उपाशी राहावे, हे. आणि तपासायचे कुणी कुणाला? प्रत्येकाने स्वतःला. आजारी पडलेल्यांची नावे घेऊन ‘तुमचे काय चुकले ते शोधा’ असे तो म्हणत नाही. तो सगळ्या मंडळीला धारेवर धरतो, धडधाकट आणि पोट भरलेल्यांसकट.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की त्या कुटुंबाकडे पुन्हा जा आणि दिलेला सल्ला मागे घ्या. त्यांच्या आयुष्यात काही पाप असेलही, जसे तुमच्यामाझ्या आयुष्यात आहे; ते त्यांना सांगावेसे वाटले तर ते सांगतील. याकोबाने आपल्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना बोलावून प्रार्थना करायला आणि तेल लावायला सांगितले आहे. त्याने पाप केले असेल तर त्याला क्षमा होईल, एवढेच तो म्हणतो आणि चौकशी करायला सांगत नाही. पापे एकमेकांजवळ कबूल करा, असे तो पुढे लिहितो. तेव्हा कबुली झालीच तर ती दोन्ही बाजूंनी होऊ द्या. उपचारांचा खर्च, घरातली कामे, रात्रीची सोबत यांत मंडळी कुठे कमी पडली, हेही त्यांना विचारा.