चित्रांतले आकडे का कापले?

तुमच्या लेखात जुन्या बहुभाषिक सचित्र कोशांतल्या शेती अवजारांच्या चित्रांवर लिहिलंत, फार बरं वाटलं. पण त्या चित्रांना तुम्ही नुसती सजावट म्हटलंत, ते पटलं नाही. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' पाहा: १६५८, न्यूरेंबर्ग, लॅटिन आणि जर्मन शेजारी शेजारी. शेतीच्या पानावर नांगऱ्याच्या डाव्या हातात रुमणं (नांगराची मूठ), उजव्या हातात ढेकळं सारायची काठी. बैल, फाळ, अगदी ढेकळालासुद्धा आकडा आहे आणि तोच आकडा दोन्ही भाषांच्या मजकुरात. १६६६ च्या आवृत्तीत इटालियन आणि फ्रेंचही आल्या. चार भाषांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ते चित्र!

शिवाय चित्र छापायचा लाकडी ठसा आणि तांब्याचा कोरीव पत्रा यांत तुम्ही फरकच केला नाहीत. लाकडावर रेघ उठावाची, त्यामुळे चित्र मजकुराच्या खिळ्यांबरोबर (धातूच्या सुट्या अक्षरांबरोबर) एकाच दाबात छापता येतं. तांब्यावर रेघ खोल कोरतात, त्याला वेगळं यंत्र लागतं, पण बारकावे विलक्षण उतरतात. फ्रेंच लेखक दिदरोच्या विश्वकोशातली शेतीची चित्रं तांब्यावरचीच, १७६२ पासून निघालेल्या चित्रखंडांतली.

एक विनंती: लेखातल्या चित्रांच्या कडा कापल्यात, त्यात आकडे गेले. कृपया मजकुरासकट पूर्ण पानं लावा.