बॅटरीचं विमान चिपीला कधी येणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुडाळच्या आतेभावाने विचारलं, "दादा, तुमच्याकडे बॅटरीची विमानां उडतत, आमच्या चिपीक कधी येतली?" चिपी म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ. आणि मग दोन दिवस वाद चालू. निम्मे म्हणे दहा वर्षांत सगळी विमानं इलेक्ट्रिक, निम्मे म्हणे २०२२ मध्ये रस्त्यावर स्कूटर पेटत होत्या, विमानात कोण बसेल? मी नॉर्वेत बर्गनला राहतो, त्यामुळे मला दोन्ही बाजू पटत नाहीत.

बर्गन ते स्टावांगर हवेतून १६० किलोमीटर, पण गाडीने गेलात तर जवळपास पाच तास आणि त्यात दोनदा फेरीबोट, कारण फ्योर्ड, म्हणजे समुद्राचे जमिनीत लांब घुसलेले फाटे, आडवे येतात, थेट रेल्वे नाहीच. अशा देशाला छोटी विमानं लागतातच. वीज बहुतेक सगळी धरणांची, बॅटरीवरची पहिली मोठी कार फेरी २०१५ लाच सुरू झाली, म्हणून २०१८ मध्ये इथे जाहीर केलं की २०४० पर्यंत देशांतर्गत मार्गांवरची सगळी विमानं विजेवर. तेव्हा मलाही खूप भारी वाटलं होतं.

पुढे काय झालं? हौसेने उडवलेलं विजेवरचं दोन सीटचं विमान २०१९ मध्ये पॉवर जाऊन तळ्यात उतरलं, दोघंही वाचले. विडरो ही इथली छोट्या गावांची एअरलाइन, तिच्यासाठी टेकनाम ही इटलीची कंपनी ९ सीटचं बॅटरीचं विमान २०२६ पर्यंत आणणार होती, ते २०२३ मध्ये थांबवलं, कारण रोज फास्ट चार्जिंग केलं की बॅटरी लवकर खराब होते, सारखी बदलावी लागते, खर्च परवडत नाही. २०२५ मध्ये स्टावांगर-बर्गन मार्गावर बीटा या अमेरिकन कंपनीच्या बॅटरीवरच्या विमानाच्या चाचण्या झाल्या, पण त्या मालवाहतुकीच्या.

अडतं वजनात. एक किलो विमान इंधनात साधारण १२ हजार वॉट-तास ऊर्जा, आणि अख्ख्या बॅटरी पॅकचं धरलं तर किलोला २०० च्या आसपास. मोटर इंजिनापेक्षा खूप कमी ऊर्जा वाया घालवते हे धरूनही एक टन इंधनाचं काम करायला वीसेक टन बॅटरी लागते, आणि आपल्याकडे छोट्या मार्गांवर उडतं ते एटीआर ७२ माणसं-सामान-इंधन सगळं धरून जास्तीत जास्त २३ टनाचं! शिवाय इंधन जळून वजन कमी होत जातं, बॅटरीचं विमान तेवढंच ओझं घेऊन उतरतं.

आता चिपी. मुंबईपासून सरळ रेषेत ३५० किलोमीटर. हार्ट एरोस्पेसचं ३० सीटचं विमान नुसत्या बॅटरीवर २०० किलोमीटर जाईल असं ती कंपनीच सांगते. त्यात जुलैचा पाऊस, चिपीला उतरता आलं नाही तर गोव्यातलं मोपा किंवा दाबोळी विमानतळ गाठायचं, वर अर्धा तास घिरट्या घालण्याइतकी ऊर्जा शिल्लक हवीच, हा नियम काही बॅटरीसाठी बदलणार नाही आणि बदलूही नये. बॅटरी आणि इंधन दोन्हींवर चालणारं हायब्रिड येईल कदाचित, पण मग त्याला बॅटरीचं विमान म्हणू नका.

आणि मला खरं खुपतं ते वेगळंच. विडरोची छोट्या धावपट्ट्यांवरची सेवा १९६८ पासून चालू आहे, कारण तोट्यातल्या मार्गांचे पैसे सरकार वर्षानुवर्षं देतं. आपल्याकडे उडान या छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी योजनेत तीन वर्षं मदत मिळते, ती संपली की अनेक मार्ग बंद पडतात. चिपीला २०२१ मध्ये विमानतळ झाला, तिथल्या लोकांना विमान नियमित हवंय, ते कशावर उडतं हा नंतरचा प्रश्न.

विजेवर जायचंच असेल तर कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे की! आतेभावाला मी तेच लिहिलं, रोहा ते वीर दुसरा रूळ झाला, वीरच्या पुढे मार्ग बहुतेक एकेरीच, क्रॉसिंगला गाड्या थांबतात, मे महिन्यात आणि गणपतीला तिकीट मिळत नाही, तर आधी आमदार-खासदारांना वीरच्या पुढचं विचारा.