तो लायक आहे का, हे आपण कोण ठरवणार?

गेले चार दिवस घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. ओळखीतल्या एका माणसाचं ऑपरेशन आहे, पैसे कमी पडतायत, आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, काहींचं म्हणणं की त्याला मदत करू नये, कारण एक तर तो चर्चला येत नाही आणि दुसरं म्हणजे आयुष्यभर दारूत पैसे उडवले तेव्हा कुठे गेली होती अक्कल. ज्या काकांनी मला बायबल वाचायला शिकवलं तेही म्हणाले, आधी आपली माणसं, मग उरलं तर बाहेरची. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरापासून लांब, इकडे आले तो पहिला हिवाळा आठवला. नोकरीचं जमत नव्हतं, अंगावर धड कोट नव्हता. तिसऱ्या की चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी हातात पिशवी दिली आणि काही न बोलता निघून गेल्या. आत निळा लोकरी कोट, वरून तिसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं, खिशात हातमोजे. मी कुठली, कुठल्या चर्चची, किती दिवस राहणार, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं त्यांनी. पुढच्या रविवारी त्या पातळ जॅकेट घालून आल्या, तेव्हा मला कळलं की तो कोट जास्तीचा नव्हताच.

बायबलमध्ये लूकच्या 10व्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे त्याला यादी हवी होती, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं. येशूने यादी दिली नाही, शोमरोन्याची गोष्ट सांगितली. यहुदी आणि शोमरोनी यांचं आपसात पटत नव्हतं, तरी वाटेत लुटारूंनी जखमी करून टाकलेला माणूस दिसल्यावर तो थांबला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, मालकाला दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी दिली आणि वर सांगितलं, जास्त लागले तर परत येताना देतो. या शेवटच्या वाक्याशी मी दरवेळी थांबते, रकमेला त्याने मर्यादाच घातली नाही! आणि तो जखमी माणूस स्वभावाने कसा होता हे गोष्टीत कुठेच नाही.

दारूचं म्हणाल तर मत्तय 18 मधला चाकर बघा. राजाने त्याचं 10,000 तालांतांचं कर्ज सोडलं, एक तालांत साधारण 6,000 दीनार धरला तर 6 कोटी दिवसांची मजुरी होते, आणि तोच बाहेर जाऊन 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपल्यालाही कृपा लायकी बघून मिळाली नाही, दर रविवारी हेच तर गातो ना आपण?

आणि "आधी आपली माणसं" हेही काही आजचं नाही. इ.स. 252च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात साथ पसरली होती, लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते, आणि त्याच्या थोडं आधीच रोमन सम्राट डेसियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झालेला. तरी बिशप सिप्रियनने मंडळीला सांगितलं की नुसत्या आपल्याच माणसांची सेवा केली तर त्यात विशेष काय. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पैसा दिला, नव्हता त्यांनी अंगमेहनत केली, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय.

पण इकडचं सगळंच चांगलं असंही नाही हां. इथे दान दर महिन्याला बँकेतून आपोआप कापलं जातं, पावती येते, ते कुणाला गेलं त्याचा चेहरा दिसत नाही. शेजारचे आजोबा तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते, आमच्यापैकी कुणीच दार वाजवलं नाही, मीसुद्धा नाही, आणि ते मला अजून सलतं. उलट परवा आईकडून कळलं की काका, जे पैसे द्यायला नको म्हणतायत तेच काका, त्या माणसाच्या उशाशी दवाखान्यात दोन रात्री बसून आले. असं बसणं मला इथून जमत नाही.

मी पैसे पाठवले. काल काकांना फोन करून सांगितलं, नाव मंडळीचं लिहा, माझं नको. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "उद्या आठला त्याला आत घेणारेत, मी सहालाच निघतो."