अजब बंगल्यात कलारसिक कसे व्हावे

आशियाई कलेचा आस्वाद घ्यायचाच असे आपण ठरवले असेल, तर नागपूरकराला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अवघ्या गावाचा अजब बंगला, आहेच. तिथे जाताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: कोणतीही वस्तू ओळखू येईल इतका वेळ तिच्याकडे पाहू नये. रसिकाची ख्याती पाहून आल्याचे सांगण्यावर ठरते. प्रत्यक्ष पाहणे हे त्यातले वेळखाऊ काम आहे.

मांडी घातलेली, अर्धोन्मीलित डोळ्यांची मूर्ती दिसताच ‘बुद्ध’ असे ठामपणे उच्चारून पुढे सरकावे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर-खिनखिणी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती याच संग्रहात आहेत, हा तपशील मनावर घेऊ नये. बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, असते आणि मस्तकावर उष्णीषाचा उंचवटा असतो. जैन तीर्थंकराच्या छातीवर अनेकदा श्रीवत्स हे शुभचिन्ह असते आणि दिगंबर मूर्तीवर वस्त्राची रेघही नसते. हे सारे अर्ध्या मिनिटात दिसते, आणि म्हणूनच तेवढा वेळ थांबणे धोक्याचे. नागफणा दिसला की तीर्थंकर पार्श्वनाथ म्हणून मोकळे होण्याचा मोह होईल. पण कंबोडियातील शिल्पकारांनी मुचलिंद नागाच्या वेटोळ्यावर बसलेला बुद्धही मोठ्या हौसेने घडवला आहे, तेव्हा फण्याखाली कोण बसले आहे याची चौकशी न केलेलीच बरी.

याच कारणासाठी इंदोऱ्यातल्या बौद्ध मित्राला सोबत नेऊ नये. दीक्षाभूमीच्या या शहरात असा मित्र उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली पाहून ही भूमिस्पर्श मुद्रा आहे, मोहात पाडणाऱ्या ‘मारा’ने आव्हान दिले तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षी ठेवले तो हा प्रसंग आहे, असे चालता चालता सांगून जाईल, आणि ‘पौर्वात्य गूढता’ एवढे दोनच शब्द पाठ करून आलेल्या आपली पंचाईत होईल.

रामटेकजवळच्या हमलापुरीत मिळालेल्या वाकाटककालीन बुद्धमूर्तींविषयी मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा: सोन्याच्या आहेत का? नाहीत असे कळल्यावर सभ्य निराशा दाखवावी. धातूची मूर्ती ओतण्याच्या जुन्या रीतीत आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचे थर चढवतात, आच देऊन मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती हाती येत नाही, त्यामुळे त्या साच्यातून दुसरी निघत नाही. एवढे जरी डोक्यात शिरले, तरी पाय तिथून हलत नाहीत आणि पेंढा भरलेले प्राणी पाहायचे राहून जातात. मुलांना काय उत्तर द्याल?

सुट्टीत मुंबईला गेलात, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूही उरकून घ्याव्यात. चिनी गुंडाळीचित्र कुठेही आढळले, तरी डावीकडून पाहू लागावे. चित्रकाराने ते उजवीकडून, हातभर उलगडत पाहण्यासाठी काढलेले असते. डावीकडून सुरुवात केली, की त्यातला प्रवासी घरी पोचल्यावर निघतो आणि आपलाही वेळ वाचतो. चित्रावरचे लाल शिक्के म्हणजे सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मालकांच्या नोंदी असतात, सम्राटांनीही ते हौसेने उमटवले आहेत. आपण त्यांना डाग समजून हळहळावे. लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांचे रंग उजेडाने उडतात म्हणून त्यांच्या दालनात दिवे मंद ठेवतात. ही गैरसोय मोबाइलच्या फ्लॅशने सहज दूर होते.

परतल्यावर कोणी विचारलेच, की अजब बंगला पाहायला किती वेळ हाताशी ठेवावा, तर अनुभवी माणसाच्या सुरात सांगावे, की पाऊण तासात आशिया उरकतो आणि उजेड असतानाच फुटाळा तलावावर भुट्टा खायला पोचता येते.